छत्री जाग्यावर आणायची रीत

पुनम,

मी सकाळच्या एसटीनं कंधारला चाललोय. आता रातच्या जेवणालाच येतो.

काल सांजंपासून टीव्हीवर 'सिग्नल नाही' येऊन राहिलंय. टीव्हीखालचा डबा खराब न्हाई, स्लॅबवरची छत्री वानरानं फिरवली हाय. मेकॅनिकला बोलवू नको, घरातल्या घरात होतंय. पण एकट्या माणसाचं काम न्हाई ते. तू पान्हा घेऊन वर जा आन् तुझ्या सासूला टीव्हीपुढं बसव. तू छत्री बोटभर सरकवायची, तिनं खालून वरडायचं, "आलं", "गेलं", "माघारी घे". चित्र थांबलं की नट आवळ.

कुरडयाचा चीक कुणामुळं पातळ झाला, यावरून तुम्ही दोघी चार दिस झाले बोलून नाही राहिल्या. "मामा, आत्याला म्हणा चहा झाला." "तिला म्हणा, ठिव तिथं." एकाच सैपाकघरात उभ्या राहून हे निरोप माझ्या हाती धाडता. माझा पार पोस्टमन झालाय. आज मी घरी न्हाई, तवा सरळ एकमेकीला वरडा. सातच्या मालिकेच्या आत चित्र आलं पायजे, न्हाईतर तुझी सासू जेवताना मलाच धरंल.

लईच अडलं तर खांबावर खडूची खूण हाय. छत्री फिरायच्या आधी जिथं होती तिथंच ती खूण केलीय. तिथवर आणली की चित्र येतंय.

फकस्त वानराकडं खडू कुठून आला, हे तिच्या डोक्यात येऊ देऊ नको.

मामा