टेंभुर्लीची दुसरी काठी

शेणवा,
१४ एप्रिल १९९८

चि. अनितास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या कंपनीची वारा मोजायची काठी काल सोमवारी टेंभुर्लीच्या माळावर उभी राहिली. ऐंशी फूट लोखंडी नळी, चारी बाजूंनी ताणाच्या तारा आणि टोकाला गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या. बुडाशी पेटी आहे, तीत वाऱ्याची नोंद आपोआप होते म्हणे. बघायला इतकी माणसं आली, की तुझ्या साहेबांना वाटलं गावाचा पाठिंबा भक्कम आहे. आहेच. पण निम्मी माणसं काठी पडते का ते बघायला आली होती.

टेंभुर्लीच्या ग्रामसभेत ठराव झाला. माळ गावाचाच राहणार, पवनचक्क्या कंपनीच्या आणि विजेच्या उत्पन्नात गावाचा वाटा. तुझ्या बापानं, म्हणजे आमच्या देवजीदादानं, सभेत सांगितलं की माझी पोरगी पुण्याच्या ऑफिसात बसून हे सगळं बघते. तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा लोक चपला शोधत होते.

काठीची राखण कोंडूकडं दिली. गावदेवाची बांबूची काठी त्याच्याच घराण्याकडं आहे. जत्रेला ती उभी करणं आणि वारा सुटला की दोरांवर तोलत अलगद निजवणं त्याला आणि त्याच्या आठ माणसांनाच जमतं. उभी काठी वाऱ्यानं पडली तर गावाचं वर्ष वाईट जातं आणि दोष राखणदाराला लागतो, हे तुला मी सांगायला नको. साहेबांनी चरखी फिरवून, दुरुस्तीसाठी काठी खाली कशी घ्यायची ते त्याला दाखवलं. कोंडूनं नीट पाहून घेतलं आणि मला बाजूला ओढून म्हणाला, की शेट, रीत आपलीच हाय, दोर तेवढा लोखंडाचा. काठीला इजा होऊ देणार नाही असा कागद गावानं लिहून दिला, त्यावर त्यानं अंगठाही केला.

पेटीतली चिप महिन्याच्या महिन्याला रजिस्टरनं धाडायचं काम माझ्याकडं आहे. माझ्या गिरणीतला कोंडा तीत जाणार नाही हे बघीन.

लोभ आहेच. तो मोजायला काठी लागत नाही.
तुझा,
अनंताकाका


पुणे,
३ मे १९९८

तीर्थरूप अनंताकाकांस,
अनिताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पहिली चिप पोचली. तिच्यावर खरंच कोंडा नव्हता, पण पाकिटात चार दाणे तांदूळ निघाले.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं. टेंभुर्लीचा माळ कंपनीच्या यादीत नव्हताच. तो मी घातला. लहानपणी पावसाळ्यात त्या माळावर मला बाबांचा हात धरून चालावं लागायचं, एवढा वारा असायचा, असं मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, आठवण हा काही पुरावा नव्हे, पण मोजून बघू. माझी नोकरी अजून कच्ची आहे. माळ खरा ठरला तर मी पक्की होईन. नाही ठरला तर शेणव्याला येऊन तुमच्या गिरणीत काटा धरीन.

वारा इकडे पावसाळ्याचाच मोलाचा. तेव्हा जून ते ऑगस्ट काठीला जपा. कोंडूदादांना मुद्दाम सांगा.

तुमच्या आशीर्वादाच्या भरवशावर असलेली,
अनिता


शेणवा,
२६ जुलै १९९८

चि. अनितास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा निरोप कोंडूला शब्दशः सांगितला, की पावसाळ्यात काठीला जपायचं. तो म्हणाला, अनिताला सांगा, घोर नको करू.

यंदा वाऱ्यानं कहर केला आहे. टेंभुर्लीच्या शाळेचे सहा पत्रे गेले. चार सापडले, पाचवा गोदूच्या गोठ्यावर बसला आहे आणि ती म्हणते तो पहिल्यापासून तिचाच आहे. माझ्या गिरणीचं धुराडं वाकलं. पण तुझ्या काठीवर ओरखडा नाही, हे मी स्वतः बघितलं. माळावरची वाट अशी झाली आहे, की साहेबांची जीप सोड, माझी राजदूत फटफटीही निम्म्यात राहते. म्हणून उघडीप बघून वर जातो, चिप काढतो, उतरतो. प्रत्येक वेळी काठी ताठ उभी. कोंडूच्या माणसांना वाऱ्याची चाहूल लागली की आठही जण लावणीचा चिखल टाकून माळावर हजर. त्यांच्या बायका तुझ्या कंपनीच्या नावानं जे बोलतात ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

देवजीदादा तुझ्या लग्नाचं विचारतो. मी सांगितलं, की पोरगी वाऱ्याच्या मागं आहे.

आमची आठवण ठेवावी, तांदूळ पुन्हा पाठवतो.
अनंताकाका


पुणे,
१८ ऑगस्ट १९९८

तीर्थरूप काकांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

जून, जुलै, दोन्ही महिन्यांचे आकडे लागले. एप्रिल आणि मेमध्ये वारा बरा होता. जून, जुलैमध्ये वारा नाही. कमी नव्हे काका, नाही. दिवसच्या दिवस शून्य. मध्येच एखादा दिवस झुळूक, की पुन्हा शून्य. साहेबांनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि शांतपणे विचारलं, की तू लहानपणी दुसऱ्या कुठल्या माळावर तर चालत नव्हतीस?

मी शाळेच्या पत्र्यांचं सांगितलं. ते म्हणाले, याचा अर्थ खिळे नीट ठोकले नव्हते.

दसऱ्याला निर्णय आहे. साताऱ्याकडचा एक डोंगर तयार आहे. टेंभुर्ली वगळली तर मला काढल्याचं पत्रही त्याच दिवशी टाईप होईल. वाट्या अडकल्या आहेत का, एवढं बघाल? उघडीप होण्याची वाट न बघता, वारा असतानाच जा.

काळजीत असलेली,
अनिता


शेणवा,
२७ ऑगस्ट १९९८

चि. अनितास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र बसून वाच.

परवा सकाळी वारा सुटला. गाडी निम्म्यात लावून मी चढायला लागलो. माझे कान तुला माहीत आहेत. गिरणीचा पट्टा सैल झाला तर मी घरी जेवत असताना ओळखतो. एप्रिलमध्ये त्या काठीच्या तारा अशा गुणगुणायच्या, की खालच्या वळणावर ऐकू यायच्या. परवा त्या वळणावर वाऱ्यानं माझी टोपी नेली, पण तारांचा आवाज नाही. मी पाय उचलला.

वर पोचलो तर काठी निजलेली. लाकडी घोड्यांवर, सरळ रेषेत, वरून प्लास्टिक पांघरलेलं. वाट्या गळून पडू नयेत म्हणून कोंडूनं स्वतःच्या मफलरनं बांधलेल्या. आठही माणसं काठीच्या आडोशाला विड्या ओढत बसली होती. मला बघून कोंडूला फार आनंद झाला. शेट बरे आलात, येकदा आमचं काम तरी बघा, म्हणाला.

मी विचारलं, हे कधीपासून? म्हणाला, मृगापासनं. वाऱ्याची चाहूल लागली की निजवतो, पडला की उभी करतो, येक दिवस खाडा नाय. मी म्हटलं, अरे, ही वारा मोजायला लावली आहे. तो म्हणाला, मोजतो ना शेट, वारा गेला की लगेच उभी करतो.

मी एका दगडावर बसलो. त्याची बायको सुंदरा भाकऱ्या घेऊन आली होती. ती म्हणाली, की मी मृगातच इचारलं व्हतं, काठी निजली तर वारा कोन मोजतो, तर म्हनले हे मशीनचं काम हाय, तुला नाय कळायचं. त्यावर आठही माणसं आभाळाकडं बघायला लागली.

रागावू नकोस. काठीला जपा, हे तूच लिहिलं होतंस आणि शब्दशः सांगणारा मी. त्यानं ते जिवापाड पाळलं. साहेबांना काय सांगायचं ते तू ठरव. माझ्या मते जे घडलं तेच सांग. त्याहून पटेल असं काही मला तरी रचता येत नाही.

तुझ्या पाठीशी असलेला,
अनंताकाका


पुणे,
१२ सप्टेंबर १९९८

तीर्थरूप काकांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग त्यांनी सगळे कागद पुन्हा मागवले आणि जिथं जिथं शून्य होतं तिथं लाल पेन्सिलीनं खुणा केल्या. खुणा करता करता पेन्सिल संपली. म्हणाले, ही शून्यं मला आवडायला लागली आहेत.

एक पावसाळा आणखी मिळाला. माझी नोकरी तोवर कच्चीच. अट एकच, काठी उभी राहिली पाहिजे, काहीही झालं तरी. पुन्हा निजवलेली आढळली तर माळही संपला आणि मीही. कोंडूदादांना बोलू नका, समजावा. तो मफलर त्यांना परत द्या आणि माझ्याकडून नवीन एक द्या, सोबत पाठवते आहे.

तुमची,
अनिता


शेणवा,
१६ जुलै १९९९

चि. अनितास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काठी पडली.

मेमध्ये कोंडूला समजावलं ते तुला तेव्हा सगळं लिहिलं नव्हतं. तीन बैठका झाल्या. तो म्हणायचा, की शेट, उभी काठी वाऱ्यात सोडायची म्हंजे पोराला पुरात सोडल्यागत हाय. सुंदरा म्हणाली, ही देवाची नव्हं, कंपनीची हाय. तो म्हणाला, माळ तर देवाचा हाय. शेवटी त्यानं एकच मागितलं. पडलीच, तर ती अनिताच्या शब्दानं पडली असं अनितानं स्वतः देवाच्या काठीसमोर सांगायचं. तुला न विचारता तुझा शब्द मी देऊन बसलो.

परवापासून वारा चढत होता. काल सकाळी मी वर गेलो. तारांचा आवाज वळणावर नव्हे, पार खाली नदीच्या साकवावर ऐकू येत होता. कोंडू चरखीचा दांडा धरून उभा. आठ माणसं मागं.  दुपारी आवाज बारीक झाला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तार तुटणार आणि कोंडूच्याही आलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. दोन फेरे फिरवले असते तर काठी वाचली असती. मी मान हलवली, नाही म्हणून. त्यानं दांडा सोडला आणि आम्हा सगळ्यांना मागं ढकललं. तीनच्या सुमाराला एक तार तुटली, मग दुसरी. काठी कातळावर पडून तिचे दोन तुकडे झाले. पेटी शाबूत आहे.

आज टेंभुर्लीत लावणी बंद आहे. कोंडू कालपासून जेवलेला नाही. चिप सोबत धाडतो आहे. तिच्यात काय आहे ते लवकर कळव.

अनंताकाका


पुणे,
२२ जुलै १९९९

तीर्थरूप काकांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

ती पडण्याच्या जरा आधी वाऱ्याचा वेग ताशी एकशे बावीस किलोमीटर होता. जूनपासूनचा एकही तास रिकामा नाही. साहेब म्हणाले, इतकी चांगली पडलेली काठी त्यांनी आजवर पाहिली नाही. ऑफिसात पेढे वाटले. मी सांगितलं, की तिकडे गावात चुली थंड आहेत, तेव्हा त्यांनी हातातला पेढा खाली ठेवला.

माळ मंजूर झाला. गावाच्या वाट्याचा कागद साहेब स्वतः घेऊन येतील. मी पक्की झाले, ते बाबांना तुम्ही सांगा, म्हणजे ते गावाला सांगतील.

रविवारी येते. आधी देवाच्या काठीसमोर जाईन, मग घरी. कोंडूदादांना जेवायला सांगा.

तुमच्या शब्दाला बांधलेली,
अनिता


शेणवा,
२ जुलै २००१

चि. सौ. अनितास व जावईबापूंस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाचही पवनचक्क्या फिरतात, हे तुला ऑफिसात कळतच असेल. तुला न कळणारं लिहितो.

फेब्रुवारीत पहिला मनोरा उभा राहिला तेव्हा कोंडू त्याभोवती एक फेरी मारून आला आणि साहेबांना म्हणाला, दोर कुठं बांधायचा? साहेब म्हणाले, याला दोर नाही, हा कधीच निजत नाही. कोंडू तसाच घरी गेला. तू येऊन देवासमोर बोललीस त्यानं त्याचं मन हलकं झालं होतं, पण ह्या उत्तरानं पुन्हा बिघडलं. चार महिने तो माळावर फिरकला नाही.

परवा मोठा वारा आला. लोक म्हणाले, आता ह्या पाचही जाणार. कोंडू न राहवून वर गेला. बघतो तर वाऱ्यानं माणूस उभा राहत नाही आणि पाचही चक्क्यांची पाती गप्प. त्याला वाटलं मोडली. तुमचा राखणीचा इंजिनियर म्हणाला, मोडली नाहीत. वारा हद्दीबाहेर गेला की ती आपली आपण थांबतात आणि वारा उतरला की सुरू होतात, त्यांची बनावटच तशी आहे. कोंडूनं त्याला हे तीनदा सांगायला लावलं.

तिथून तो भिजत थेट माझ्या गिरणीत आला. दोन चहा प्यायला. मग म्हणाला, शेट, म्हंजे आमी करत व्हतो तेच. मी म्हटलं, तेच. म्हणाला, मग हे अनिताच्या साहेबाला लिहून कळवा. म्हणून कळवतो आहे.

जाताना दारात थांबून त्यानं आणखी एक विचारलं आहे, ते तू चौकशी करून लिही. ही मशीनं बनवणारांचं गाव कुठलं, आणि त्यांच्या गावात देवाची काठी कुणाच्या घराण्याकडं आहे?

वारा उतरला की पत्र टाकतो. लोभ उभा राहू दे.
तुझा,
अनंताकाका