सोनामुखीचा काढा

३ मार्च १९८६
आज सासरी आले. खजुरांच्या बागेला लागून मातीचं गार घर आहे. सासूबाई, लल्ला इज्जा, दारात दूध-खजूर घेऊन उभ्या होत्या. पहिला घास त्यांनीच भरवला. नणंद हद्दाशी तर लगेच गट्टी जमली. माझ्या नवऱ्याची, बासूची, पहिली बायको तमू पोटदुखीने गेली. हे लग्नाआधीच सांगितलं होतं. तिची खोली मला दिलीय, ताजा चुना लावून. इथे माझं बरं चालेल.

१९ मे
बेंबीपाशी कळ उठली आणि उजवीकडे खाली सरकली. उलट्या, ताप. दोन दिवसांत आपोआप ओसरलं. तोवर सासूबाईंनी गल्लीभर गोड बातमी पोचवली होती. ती खरी नव्हती.

२ ऑगस्ट
तीच कळ, तिसऱ्यांदा. विहिरीवर सगळ्या बायकांसमोर सासूबाई म्हणाल्या, "हिच्या पोटात काहीच नाही गं. ना पोर, ना दुखणं. नुसते नखरे!" सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले.

११ ऑगस्ट
बासूने दवाखान्यात नेलं, सासूबाईही आल्या. डॉक्टरीणबाईंनी उजवीकडे पोट दाबून हात एकदम काढला, अजून थोडं दुखलं. अपेंडिक्स आहे म्हणाल्या, पुन्हा पुन्हा सुजतं आणि उतरतं. आत्ता शांत आहे तोवर शहरात नेऊन काढून टाका, पुढच्या वेळी फुटेल. कळ आलीच तर शेक नको, जुलाब तर मुळीच नको. लगेच घेऊन या. सासूबाईंनी दोनदा विचारून हे नीट समजून घेतलं. मला किती बरं वाटलं! बासू अगादीरच्या बंदरात माल टाकून आला की शहरात जायचं.

२० ऑगस्ट
बासू अजून परतला नाही. सकाळपासून कळ. दवाखान्यात न्या म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, आधी घरचं औषध. वाटीभर सोनामुखीचा काढा, जुलाबाचाच. तापलेली वीट फडक्यात गुंडाळून पोटावर. मी आठवण करून दिली, डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं त्याची. त्या म्हणाल्या, "आठवतंय की."

२१ ऑगस्ट
पुन्हा काढा. नको म्हटलं तर नाक दाबून पाजला. हद्दा रडत सांगत होती, तमूलाही हेच दिलं होतं, चार वर्षं पोर झालं नाही म्हणून — सासूबाईंनी तिला वेणीला धरून बाहेर ओढलं. कडी लावली.

दुपारी
दुखणं थांबलं! एकदम. आत काहीतरी सुटल्यासारखं झालं, आणि मोकळं. हद्दाला दारातून ओरडून सांगितलं. वाटलं, आनंदेल. ती हंबरडाच फोडून रडली. तमूचंही असंच थांबलं होतं म्हणे.

२२ ऑगस्ट
पोट फळीसारखं — हात लावू देत नाही. दात वाजतात. दार ठोठावलं. कुणी —

संध्याकाळ
अंगणात पाहुण्या आल्यात. चहाचा वास. सासूबाई सांगतायत, यावेळी सून रुंद कंबरेची बघा, आणि बासू यायच्या आत —
मी ओरडतेय. त्या म्हणतायत, मांजर आहे, कोंडून ठेवलंय —
हद्दा, दार —