सेल काढलेली चावी

अश्विन,

तुझा फोन लागून नाही राहिला, म्हणून चिठ्ठी ठेवून राहिली. कारच्या चावीतला सेल तू काढून ठेवला, म्हणून मी निर्धास्त होती. आज तुझे बाबा सकाळपासून गाडीत बसून बटन दाबत होते. "काहून वो, गाडी मले ओळखून नाही राहिली?" म्हणाले. मले खरं सांगवलं नाही. तेवढ्यात शेजारच्या निरंजन भैयानं दाखवलं, की सेल नसला तरी चावी बटनाला टेकवली की गाडी चालू होते. त्याले काय माहीत! बाबा लगेच निघाले. अभनपूरच्या शाळेतून अश्विनले घेऊन येतो म्हणाले. मी भैयाच्या स्कूटरवर त्यांच्या मागं जाऊन राहिली.

तू उरल्याच्या कामावरून आला की सरळ तुझ्या जुन्या शाळेच्या गेटपाशी ये. तुले ओळखतील का, मले सांगता येत नाही.

आई