क्लोराइडचा रकाना

बाबा, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली आणि तुमची वही मी काल पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. समुद्रकाठच्या अणुवीज केंद्रात तुम्ही पाणी तपासायचात. घरी यायचात तेव्हा शर्टाला मॉर्फोलीन या रसायनाचा, शिळ्या मासळीसारखा वास असायचा. "अच्छा, आले मासेवाले!" आई म्हणायची. तुम्ही हसायचात, आणि जेवणाआधी दिवसाचे आकडे या वहीत उतरवायचात. नमुन्याची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळल्याशिवाय तुम्ही भरत नसायचात. घरी पाहुण्याचा पेलाही तसाच विसळायचात. असा माणूस खोटं लिहील? मला वाटायचं, असाच माणूस सफाईनं लिहील.

निवृत्त होऊन तुम्ही माझ्याकडे जबलपूरला आलात, तेव्हा ही वही माझ्या हाती लागली. एका तारखेला वाफेच्या पाण्याची वाहकता हद्दीबाहेर, म्हणजे पाण्यात काहीतरी मिसळलेलं, आणि पुढं तुमचा शेरा, "चालू ठेवा." तुम्ही स्वयंपाकघरात वांगी चिरत होतात. मी तिथंच गाठलं.

"समुद्राचं पाणी आत शिरलं होतं ना, बाबा? लपवलं ना तुम्ही?"

"काहून ओरडून राहिली, बेटा? गंज लागू नये म्हणून मॉर्फोलीन टाकतो. गरमीनं ते तुटते, त्याचं ॲसिटेट, फॉर्मेट होते, अन् आकडा चढते. समुद्र शिरला असता तर मिठाचं क्लोराइड दिसलं असतं. मागं रकाना आहे, पाह्य."

"पाहीन," मी म्हणाले. पाहिला नाही. ज्यांच्याकडे उत्तर तयार असतं, त्यांचा मला आयुष्यभर संशय येत आला आहे.

आठवड्यानं शहरातल्या ओमती भागात अणुवीज केंद्राविरुद्धच्या सभेत मी गरजले, "माझ्या वडिलांच्या वहीत पुरावा आहे!" टाळ्या थांबेनात. तुम्ही शेवटच्या रांगेत होतात. परतताना स्कूटरवर मागं बसून एवढंच बोललात, "आवाज दूर जाते तुझा."

काल तो रकाना पाहिला. त्या तारखेला क्लोराइड शून्य. दुसऱ्या दिवशीही शून्य. मग मी शाईवर संशय घेतला, मागाहून भरलं असेल म्हणून. पान उन्हात धरलं, भिंग लावलं. शाई तीच, अक्षर तेच. तरी वाटतं, घरी उतरवताना आकडा बदलता येतोच की. तुम्ही असतात तर तुमच्या तोंडाकडे बघून ठरवलं असतं.

अणुवीज केंद्राविरुद्ध माझ्याकडे दुसरे मुद्दे पुष्कळ आहेत, आणि ते खरे आहेत. टाळ्या मात्र तुमच्या वहीला पडतात. रविवारी शहपुऱ्यात सभा आहे. भाषण लिहून झालं आहे. वहीतल्या पुराव्याचं ते वाक्य मी अजून खोडलेलं नाही.