भोंग्याचं नाक

३ फेब्रुवारी

चि. भोंग्यास दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे तुझ्या वहिनीची कंबर धरली आहे, भट्टीची चिमणी गळते आहे आणि आपला पाव कुणी घेत नाही, एवढं सोडून ठीक. कोपऱ्यावरच्या दुकानात हल्ली कारखान्याचा कापलेला पाव येतो. लोक म्हणतात, मऊ असतो. अरे, उशीसुद्धा मऊ असते, म्हणून तिला कुणी लोणी लावतं का?

तर मी ठरवलंय, आपल्या भट्टीत पिझ्झा करायचा. हसू नकोस, वहिनीचं हसून झालंय. इथली कॉलेजची पोरं पिझ्झ्यासाठी बसने शेजारच्या गावी जातात आणि तोंडं वाकडी करून परत येतात. गिऱ्हाईक आहे, माल नाही. मीही एकदा तिथे खाऊन आलो. ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून दिला, ते खोकं जरा बरं लागलं असतं.

अडचण अशी की चांगला पिझ्झा म्हणजे काय, हे मला ठाऊक नाही. तू एवढ्या मोठ्या शहरात राहतेस. तिथे गल्लोगल्ली परमुलखातली माणसं रांधून वाढतात म्हणे. सगळ्यांत अस्सल पिझ्झा हुडक, खा आणि वास कसा, आंबट किती, खरपूस किती, ते मला सविस्तर लिही. बाबांनी जन्मात घड्याळाकडे बघून पाव काढला नाही. आत उभं राहिलं की नाकाला सवय होते, म्हणून ते तुला समोरच्या खांबापाशी उभं करायचे आणि तू ‘झालं!’ म्हणून बोंब ठोकलीस की भट्टी उघडायचे. एक पाव कधी करपला नाही. त्या बोंबेवरूनच तुझं हे सुंदर नाव पडलं.

पीठ, लाकडं आणि हात माझे. नाक तुझं. हे जमलं नाही तर भट्टी विझवून मला कुठेतरी पहारेकरी म्हणून उभं राहावं लागेल, आणि मला उभ्या उभ्या झोप लागते, हे तू जाणतेसच.

पोटभर खा, पत्र भरभर पाठव.
तुझा दादा

१० फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. आता माझं ऐक, आणि आधी शपथ घे की दादाला यातलं अवाक्षर सांगणार नाहीस.

मावशी, माझं नाक गेलं. म्हणजे चेहऱ्यावर आहे, पण उपयोग चष्मा ठेवण्यापुरता. थंडीत ताप आला होता ना, तो जाताना वास घेऊन गेला. मला कळलंसुद्धा नाही. आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात एक दिवस मेणाचं भांडं जळलं, सगळे खोकत बाहेर पळाले आणि मी एकटीच कुणाचे तरी पुढचे दात घासत गाणं गुणगुणत बसले होते. मुकादमाने दंडाला धरून बाहेर काढलं. वासाबरोबर चवही गेली. खारट, आंबट, गोड एवढं कळतं, बाकी सगळं ओला कागद चघळल्यासारखं. लोकांसाठी दात करते आणि मला स्वतःला खाण्यात राम उरलेला नाही.

आणि आता दादाचं हे पत्र. त्याला खरं सांगितलं तर तो पिझ्झ्याचा नाद सोडेल, भट्टी विझवेल आणि मला बखोटीला धरून घरी नेईल. शिवाय खरं सांगू? आमच्या घरात दादाला हात होते, आईला गळा होता, मला नाक होतं. ते नाही म्हटल्यावर मी त्या घरात कोण, हे मला कळत नाही. रडू येतं.

म्हणून मी एक जीभ उसनी घेतली आहे. आधी खोलीतल्या मैत्रिणीला नेऊन बघितलं, पण ती पाण्यालासुद्धा छान म्हणते. मग आमच्या इमारतीची लिफ्ट अडकली. ती दुरुस्त करणारा माणूस खाली खड्ड्यात बसून डबा खात होता आणि स्वतःच्याच हातच्या जेवणाला अशा शिव्या घालत होता की चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू आल्या. मी जिन्यावरच थांबले. म्हटलं, हाच तो. आता मी खाऊ घालते, तो नावं ठेवतो आणि मी लिहून घेते.

तुझ्या मायेवर टिकून असलेली,
भोंगा

१६ फेब्रुवारी

चि. भोंग्यास अनेक आशीर्वाद.

रडणं बंद. नर्स म्हणून वॉर्डात आयुष्य काढलंय, असली नाकं पुष्कळ पाहिली. काही परत आली, काही नाही आली. तुला खोटं सांगणार नाही. लवंग, कॉफी, साबण आणि व्हिनेगर अशा चार बाटल्या भर. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची आणि हुंगताना तो वास आठवायचा. औषधासारखं करायचं, लहर लागली म्हणून नाही. वास परत आलाच तर आधी एखादाच येईल आणि तो बहुधा घाणेरडा असेल. तरी त्याचं स्वागत कर.

दादाला मी काही सांगणार नाही. लोकांची इतकी गुपितं पोटात घातली आहेत, उगाच नाही पोट एवढं सुटलं. त्या लिफ्टवाल्याचं लग्न झालंय का, ते कळव.

गुडघा आणि आशीर्वाद दोन्ही जागेवर आहेत.
मावशी

२ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं काम जोरात चालू आहे. पहिल्यांदा गेले ते मोठ्या रस्त्यावरच्या ‘अस्सल’ दुकानात. ‘अस्सल’ हा शब्द पाटीवर, रुमालावर, काचेवर, सगळीकडे. मालक पणजोबांची पाककृती म्हणून सांगत होता, पण पणजोबा कुठले विचारल्यावर त्याला एकाएकी फोन आला. आत प्लास्टरचे खांब आणि प्लास्टिकच्या द्राक्षांचे घड. पिझ्झ्यावर मका, अननस, कोंबडी, मिरची, सगळं एकदम. एवढा लोड खालच्या पोळीला झेपत नाही, मधोमध खाली बसते. चीजचं ग्रीस फार, तळाला पकड नाही. कडेला ताण नाही, चावलं की सैल पडते. सॉस गोड. एकूण मेन्टेनन्स शून्य.

दुसरं दुकान गोदीजवळचं. तिथे पातळ पिझ्झा मिळाला, पण इतका कडक की माझ्या कारखान्याला गिऱ्हाईक मिळेल. तिसऱ्या ठिकाणी मालकच परमुलखातला होता, म्हणून आशा वाटली. तो म्हणाला की तो मुळात पिझ्झ्याच्या मुलखातला नाहीच, पण इथल्या लोकांना सगळे परके सारखेच दिसतात, मग वेगळं कशाला सांगा. आपल्या मुलखाचं खरं जेवण तो मागच्या दाराने आपल्या माणसांना वाढतो. तेही खाल्लं. फर्स्ट क्लास, एकही खटका नाही. पण तुझ्या कामाचं नाही.

शोध चालू आहे. वहिनीच्या कंबरेला नमस्कार.
तुझी, खाऊन खाऊन सुटलेली,
भोंगा

२१ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर: लग्न झालेलं नाही, आणि का झालेलं नाही ते त्याने तोंड उघडलं की लगेच कळतं.

मावशी, पिझ्झा सापडला! बस डेपोच्या मागे, पाटी नसलेल्या एका दुकानात. चालवते ती त्याच मुलखातली दांडग्या हातांची बाई. नवऱ्याच्या बोटीमागोमाग या शहरात आली. नवरा गेला, बोट गेली, ही राहिली. भट्टीत लाकडं, वर टोमॅटो, चीज, चार हिरवी पानं, बस्स. एकाने जास्तीचा सॉस मागितला तर त्याला उठवून लावलं. कडेला सगळीकडे काळे ठिपके होते. मी घाबरत विचारलं की करपला का. ती म्हणाली, आग जेमतेम चाटून गेली पाहिजे. ठिपके नसतील तर कच्चा, जास्त झाले तर कोळसा. सगळी करामत त्या मधल्या क्षणाची.

मला फक्त कुरकुर ऐकू आली. पण लिफ्टवाल्याने पहिला घास घेतला आणि तो गप्प बसला. मी कागद-पेन्सिल घेऊन वाट बघत होते. त्याने अख्खा पिझ्झा संपवला, बोटं पुसली, खिडकीबाहेर बघत राहिला. एक नाव ठेवलं नाही. मी त्याला विचारत राहिले, कसा आहे, कसा आहे, आणि त्याला सांगता येईना. मग मला जे रडू आलं! इतकी चांगली वस्तू समोर आणि मला तिच्यातलं काहीच कळू नये? बाई उठली. मला आत घेऊन गेली आणि माझे हात पिठात घातले. कानाच्या पाळीसारखं मऊ. रात्रभर थंडीत ठेवते म्हणाली. एवढं सगळं दादाला कळवलं आहे, ठिपक्यांसकट.

बाटल्या हुंगते आहे. सगळ्या सारख्याच.
तुझी,
भोंगा

२८ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे हे विचारून मुद्द्यावर येतो. भोंग्याला झालंय काय? पत्रं येतात, पण ती तिची नाहीत. ही पोरगी शेजारच्या बाईने कपाट उघडलं तरी त्याच्या वासावर पानभर लिहायची. आता दोन महिन्यांत एका वासाचा उल्लेख नाही. उलट चीजला ग्रीस म्हणते, पावाच्या कडेला ताण नाही म्हणते, मेन्टेनन्स काढते. जेवते आहे की यंत्र उघडून बसली आहे? कुणाची जीभ आहे ही? आणि तिची स्वतःची कुठे गेली? मला भीती वाटते आहे. तुला काही ठाऊक असेल तर सांग.

तुझा घाबरलेला भाचा,
दादा

२ एप्रिल

चि. दादास अनेक आशीर्वाद.

मी शपथ घेतली आहे, त्यामुळे काही सांगू शकत नाही. तापाने तिचा वास गेला आहे. चवही गेली आहे. जीभ एका लिफ्टवाल्याची आहे, तो अविवाहित आहे आणि पिझ्झा खरंच चांगला असला तर गप्प बसतो. याहून एक शब्द मी बोलणार नाही.

तिला तुझ्याकडे रडत येऊ दे, असं मनात आणू नकोस. तिला तिच्या खांबापाशी उभी कर. बाकी तुला अक्कल आहे असं धरून चालते.

शपथ मोडल्याचं पाप माझं, शहाणपण तुझं.
मावशी

६ एप्रिल

चि. भोंग्यास अनेक आशीर्वाद.

येत्या रविवारी पहिला पिझ्झा. तुझी पत्रं वाचून पीठ जमलंय, कानाची पाळी चाचपून चाचपून वहिनीचे कान लाल झाले आहेत. तू खांबापाशी हवीस. ‘झालं’ म्हणालीस की मी काढणार. नाही म्हणायचं नाही. चिमणी अजून गळते, तिच्यासाठी कुणी हुशार कारागीर ओळखीचा असेल तर बरोबर आण. लिफ्ट दुरुस्त करणाराही चालेल.

वाट बघणारा,
दादा

१६ एप्रिल

ती. मावशीस सा. न. वि. वि.

सगळं सांगतो, पण तुझं नाव फुटलं आहे, तेव्हा आधी बसून घे.

मी एक बेत केला होता. आठवडाभर पिझ्झे भाजून बघितले आणि वेळ पक्की केली. रविवारी पिठाच्या पिंपामागे बायकोच्या माहेरचं गजराचं घड्याळ लपवलं. भोंगा बाहेर वाटेल तेव्हा ओरडेल, मी घड्याळ बघून काढीन आणि सगळ्या गल्लीसमोर म्हणेन की नाक असावं तर असं. मला माझं फार कौतुक वाटत होतं.

लिफ्टवाला सकाळीच आला. नमस्कार केला, चिमणीकडे बघितलं, तिला अर्वाच्य बोलला, वर चढला आणि दुरुस्त करून खाली उतरला. मी आभार मानले. दुरुस्त चिमणी ओढ घेते आणि भट्टी दुप्पट पेटते, हे बेकरीवाल्याच्या पोराला सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

गल्ली भरली होती. न्हावी, पोस्टमन, कॉलेजची पोरं, सगळे. भोंगा खांबाला टेकून उभी, चेहरा पांढराफटक. मी पिझ्झे आत सरकवले. मावशी, ती ‘झालं’ म्हणालीच नाही. तिने ‘जळतंय’ म्हणून बोंब ठोकली. मी घड्याळ पाहिलं, वेळ होता. म्हटलं बिचारी नाटक करते आहे, थोडं जास्तच करते आहे. मी हसून तिला हात केला! ती पुन्हा ओरडली. मी पुन्हा हात केला. मग ती गर्दी तुडवत आत शिरली, माझ्या बायकोला बाजूला सारलं आणि भट्टीचं दार उघडलं. आत पिझ्झे नव्हतेच, कोळसे होते.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं की अगं, तुला तर नाक नाही ना! सगळ्या गल्लीने ऐकलं. ती म्हणाली तुला कुणी सांगितलं. मी म्हणालो मावशीने. ती म्हणाली मावशीने शपथ घेतली होती. मी म्हणालो, ती म्हणालीच तसं. मग ती पायरीवर बसली, एक काळा तुकडा उचलला आणि नाकाला लावून ढसाढसा रडायला लागली. लवंग येत नाही म्हणाली, साबण येत नाही, टोमॅटोसुद्धा येत नाही, पण दादा, हे जळलेलं येतंय, हे येतंय मला. तुकडा कुणाला टाकू देईना. मीही शेजारी बसून रडलो. पोस्टमन म्हणाला नंतर येतो. लिफ्टवाल्याने एक कोळसा चावून बघितला आणि ब्रेक लागले नाहीत एवढंच म्हणाला.

मग तीच उठली. डोळे पुसून म्हणाली, त्या बाईला आग चाटून गेलेलीच हवी होती, आणि माझ्या नाकाला सध्या तेवढंच कळतं. घड्याळ पालथं घाल आणि दुसरा लाव. मी घातलं. ती खांबापाशी गेली. मी भट्टीकडे बघितलं नाही, घड्याळाकडे बघितलं नाही, नुसते कान लावून उभा राहिलो. आणि पूर्वीसारखी, आभाळ फाटेल अशी, तिने बोंब ठोकली, ‘झालं!’

काढला. कडेला काळे ठिपके, बाकी सोनेरी. पहिला तुकडा लिफ्टवाल्याला दिला. भोंगा त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि मी तिच्या. त्याने घास घेतला, चावला, गिळला. दुसरा तुकडा उचलला.

मावशी, तो काहीच बोलला नाही.

तुझ्या फुटक्या पोटाला आमच्या दोघांचा साष्टांग नमस्कार.
तुझा,
दादा