माजा पोऱ्या मिठान हाय

कल्याण,
सोमवार, १५ मार्च १९५४

तीर्थस्वरूप दादा यास,
प्रमोदिनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पावलं. मावशीचा गुडघा बराच सुधारला आहे. कुरडया घालायला गच्चीवर चढते आणि कुणाचं ऐकत नाही. माझी प्रकृती ठीक. अक्षर वाकडं वाटलं तर रागावू नकोस. सात महिने हातात पेन्सिलच होती, शाईची सवय मोडली आहे.

पेन्सिलीचं तुला कधी सांगितलं नाही. आमच्या मनोविकार विभागात शिकाऊ मंडळींनी रोग्याशी बोलायचं आणि केसपेपरवर पेन्सिलीने लिहायचं. मग तुझा मित्र, म्हणजे आमचे डॉक्टर गुरुदत्त, पटेल ते शाईने गिरवतात. गिरवलं की ते त्यांचं झालं. माझं वाक्य त्यांनी एक अक्षरही न बदलता पहिल्यांदा गिरवलं, त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते. मावशीने तुला कळवलंच. वाक्य काय होतं ते मात्र तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

बाळकुमच्या ठमाबाई म्हणून एक आहेत, पंचेचाळिशीच्या. सून बाळंतपणात गेली तेव्हापासून त्यांचं अन्न तुटलं, बोलणं तुटलं, म्हणून दिराने आणून घातलं. मी मुलाबाळांचं विचारलं, तर एवढंच म्हणाल्या, "माजा पोऱ्या मिठान हाय." दिराने तर लिहून दिलं होतं की मुलगा जिवंत आहे. तान्हं मूल गेलं की मीठ घालून पुरतात, एवढं मला ठाऊक. झालं, मी लिहून मोकळी, 'जिवंत मुलाला मेलेला व पुरलेला समजते.' डॉक्टर म्हणाले, शाबास. विजेच्या उपचारांवरच्या प्रबंधाला त्यांना बारा बायका हव्या होत्या आणि अकराच मिळाल्या होत्या.

ठमाबाईंना तीन झटके दिले. दादा, तिन्ही वेळा खांदे मी धरले होते. मागच्या पत्रात 'फार कामात आहे' असं लिहिलं होतं ना, ते हे काम.

शुक्रवारी गंगुबाई आया फरशी पुसत होती. तीही तिकडचीच. मी तिला ते वाक्य सांगितलं, खरं सांगायचं तर जरा ऐटीतच. ती म्हणाली, "अवो बाय, मिठान म्हंजे मिठागरान. कामाला गेलाय तिचा पोऱ्या." आणि पुसत पुढे गेली.

चौथा झटका मंगळवारी, म्हणजे उद्या ठरलेला. मी तशीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, बसायला खुर्ची दिली. तुझ्या शब्दावर मला इथे घेतलं, याचीही आठवण करून दिली. मग म्हणाले, "प्रमोदिनीबाई, पेन्सिलीचं खोडता येतं. शाईचं खोडलं, तर बाकीच्या अकरा कागदांवर कोण विश्वास ठेवील?"

खोटं कशाला बोलू, दोन दिवस मला ते पटलंसुद्धा. निदान पटवून घेत होते. काल मात्र राहवेना, बाळकुमला गेले. मुलगा महिपत मिठागरातच भेटला, टाचा मिठाने फुटलेल्या. आईला भेटू देत नाहीत, असं काकाने त्याला सांगून ठेवलं होतं. आज सकाळी त्याला घेऊनच आले.

ठमाबाईंनी आधी त्याचे पाय पाहिले. "त्याल लाव टाचंला," म्हणाल्या. मला हसू यायला लागलं होतं, इतकं हायसं वाटलं. मग त्या त्याच्या मागे दाराकडे बघायला लागल्या.

"एकलाच आलास? सुनंला नाय आनलीस कं?"

महिपतने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग तो आईजवळ बसला आणि त्याने तिला ते दुसऱ्यांदा सांगितलं. तो आकांत मला लिहिता येणार नाही. तेवढं एक दुःख त्या बाईपाशी होतं. तेही आम्ही झटक्यांनी तिच्या आठवणीतून पुसून टाकलं आणि पुन्हा सोसायला लावलं.

मी डॉक्टरांच्याच टेबलावरची दौत घेतली. गिरवलेल्या ओळीखाली शाईने लिहिलं, 'वरील नोंद चुकीची. मुलगा मिठागरात कामाला आहे. चूक ऐकणारीची.' खाली पूर्ण नाव. डॉक्टरांनी ते वाचलं आणि अ‍ॅप्रन ठेवून जा म्हणाले. उद्याच्या यादीतून ठमाबाईंचं नावही काढलं. बाई शहाणी ठरली म्हणून नव्हे, कागद खराब झाला म्हणून.

माझ्यासाठी त्यांच्याकडे पुन्हा शब्द टाकू नकोस. 'घराण्याचं नाव काढलंस' असं तू लिहिलं होतंस, ते मागे घ्यायचं असेल तर घे. महिपत उद्या आईला घरी नेणार आहे. सून गेल्याचं तिला किती वेळा सांगावं लागेल, असं त्याने जाताना मला विचारलं.

वहिनीला नमस्कार, लहानग्यांना आशीर्वाद.

ठमाबाईंचे खांदे धरणारी,
तुझी धाकटी बहीण
प्रमोदिनी