सतरंजीवरची पार्लमेंट

बाबा, आज अकरावीच्या वर्गात इंग्लंडचं यादवी युद्ध शिकवलं आणि तुम्ही आठवलात. वाईट वाटून घेऊ नका, राजा म्हणूनच आठवलात. पार्लमेंट ऐकेना की तो राजा ती बरखास्त करून मोकळा व्हायचा. शांती नगरच्या आपल्या सोसायटीचे चेअरमन होतात तेव्हा तुम्हीही हेच करायचात. खाली पार्किंगमध्ये सतरंजी अंथरून मीटिंग भरायची, आणि कुणी उलट बोललं की तुम्ही उठून सतरंजीचं टोक धरायचात. लोक निमूट चपला शोधायला लागायचे.

दोन हजार पाचच्या आसपास तिसऱ्या मजल्यावर एक नर्स भाड्याने राहायला आली. लातूरकडची, एकटी, ड्युटीवरून पहाटे परतणारी. तुम्ही फर्मान काढलंत: एकटी बाई नको, महिनाअखेर खोली रिकामी करा. कमिटीला विचारलंसुद्धा नाहीत. ती जिन्यात मला म्हणाली, "ताई, आता आणखी कुठं जाऊ?" मी तेव्हा एम.ए. करत होते, डोक्यात तोच राजा. जेवताना तुम्हाला मुद्दाम ऐकवलं, की पार्लमेंटच्या सभासदांनी एकदा राजाच्या हुकमावरून सभा संपवायला निघालेल्या सभापतीलाच खुर्चीत दाबून धरलं, उठूच दिलं नाही, आणि ठराव पास करून घेतले. तुम्ही ताट पुढे करून म्हणालात, "भाजी वाढ." आईने भाजी वाढली, पण कान माझ्याकडेच होते.

रविवारी मीटिंगमध्ये मी विषय काढला. "सभा संपली," म्हणत तुम्ही टोक उचललंत, पण सतरंजी हलेना. मधोमध आई मांडी घालून बसलीय. "मी बसलेय अजून," ती म्हणते, "पोरीचं बोलणं होऊ द्या." समोरचे गुजराती काका लगेच तिच्या शेजारी टेकतात, "बैठो ना चेअरमनसाहेब, क्या जल्दी है?" मग एकेक करत सगळेच बसले. तुम्ही टोक हातात धरून उभे. मला हसू आवरेना, खरंच सांगते. मग हात वर झाले. नर्सच्या बाजूने ढीगभर, तुमच्या बाजूने एकट्या सेक्रेटरीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही परवानगीच्या पत्रावर सही केलीत आणि ते घेऊन स्वतः वर गेलात. आता भांडण होणार म्हणून मी मागोमाग. तुम्ही तिला म्हणालात, "बाई, राहा तुम्ही इथे. माझं मत अजून तेच आहे. पण मी हरलोय." एवढं एक वाक्य त्या राजाला जमलं असतं, तर त्याचं डोकं धडावर राहिलं असतं.

तुम्ही जाऊनही आता किती वर्षं झाली. हे पत्र टाकायचं तरी कुठे म्हणा. आईची गोष्ट मी दरवर्षी वर्गात तिखटमीठ लावून सांगते, पोरं हसून लोळतात. तुम्ही जिना चढलात तिथे मात्र मी थांबते. ते वाक्य म्हणायला गेले की माझा आवाज कापतो, बाबा, आणि पोरांपुढे ते मला चालायचं नाही.